सेतुमामांचा पॉज

टाळ्यांची मला भीती वाटते असं म्हटलं की लोकांना तो विनोद वाटतो. नाटकात काम करणारी बाई आणि टाळ्यांना घाबरते! पण खरंच सांगते, गेल्या वर्षापासून प्रेक्षागृहात जोरात टाळ्या पडल्या की आधी मी रंगमंचावरची माणसं धड आहेत ना ते बघते. सगळ्यांचे डोळे हलताहेत, हात उचलले जाताहेत, हे दिसलं की मग श्वास सोडते. आमच्या टाळ्यांपायी एक म्हातारा माणूस मरता मरता वाचला. टाळ्या वाजवणारे वाईट नव्हते, आम्हीही वाईट नव्हतो, तरी ते झालं. ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. 'तुमच्या कामाविषयी काहीतरी खुसखुशीत लिहा,' असं संपादक म्हणाले होते. खुसखुशीत जेवढं आहे तेवढं वाटेत येईलच, पण लिहायला बसले की डोळ्यांसमोर हेच येतं.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आले. तो सकाळी कंपनीच्या बसने निघून जायचा आणि मी घरी बसून मालिका बघत तमिळ शिकायचे. शिकलेलं तमिळ कुणाशी तरी बोलावं म्हणून एका नाटकमंडळीच्या तालमीला जाऊन बसू लागले आणि कॉफीचे पेले गोळा करता करता पडद्यामागची सगळी सूत्रं माझ्या हातात आली. आज मी त्या मंडळीची रंगमंच व्यवस्थापक आहे. सगळे मला 'अक्का' म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाचे लाइटवालेसुद्धा.

काम सांगायला सोपं आहे. काळे कपडे घालून विंगेत उभं राहायचं, कानाला हेडफोन लावायचा, समोर संहिता उघडून ठेवायची आणि योग्य क्षणी 'लाइट', 'आवाज', 'पडदा' असं सांगायचं. मी सांगितल्याशिवाय त्या नाटकात सूर्य उगवत नाही की पाऊस पडत नाही. एवढी सत्ता असूनही प्रेक्षकांतल्या कुणालाही माझं नाव ठाऊक नसतं. ते ठाऊक नाही म्हणजे प्रयोग नीट पार पडला, असं आमच्यात समजतात.

आता प्रिव्ह्यू म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आपल्याकडे तालमी होतात, रंगीत तालीम होते आणि मग थेट शुभारंभाचा प्रयोग. आमची मंडळी मध्ये आणखी एक पायरी घालते. नाटक पुरतं तयार नसताना काही दिवस ते पासवर बोलावलेल्या लोकांना दाखवायचं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याच्या माडीवर आमची तालमीची जागा आहे. त्या कारखान्यातली माणसं येतात, अंबत्तूरच्या आयटी कंपन्यांतली मराठी पोरं-पोरी येतात, सभांचे सचिव येतात. सभा म्हणजे इथल्या नाटक-गाणी करणाऱ्या संस्था. त्यांच्या सचिवांना नाटक आवडलं तर पुढचे प्रयोग मिळतात. प्रयोग संपला की नट मंडळी रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसतात आणि लोकांना विचारतात, काय आवडलं, कुठे कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे नाटक बदलतं. प्रवेश उडतात, संवाद जागा बदलतात, कधी शेवटच बदलतो. मग एका दिवशी दिग्दर्शक म्हणतो, 'बस्स, पक्कं.' त्यानंतरचे सगळे नेहमीचे प्रयोग. त्यात काना-मात्राही हलवायची नाही. दिग्दर्शक घरी जातो आणि नाटक माझ्या ताब्यात येतं. नटाने एखादं वाक्य खाल्लं किंवा पदरचं घातलं तर प्रयोगानंतर मी त्याला गाठून सांगते. माझं हे सांगणं कुणालाच आवडत नाही, पण ऐकतात.

प्रिव्ह्यूचा आणखी एक नियम होता: घरच्यांना बोलवायचं नाही. बायको, आई, मुलगी यांचं मत कामाचं नसतं. नवरा रंगमंचावर नुसता शिंकला तरी त्यांना ते छान वाटतं, नाहीतर पोटात तुटतं. घरच्यांनी पक्क्या प्रयोगाला यायचं, पुढच्या रांगेत बसायचं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटायचा.

प्रिव्ह्यूचे प्रेक्षक खरं सांगतात, पण ते काय सांगताहेत ते आपल्याला कळतंच असं नाही. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या मध्यावर लोक भराभर उठून बाहेर जायला लागले. दिग्दर्शक अरविंदचा चेहरा पडला. 'अक्का, हा प्रवेश मेलेला आहे,' म्हणाला आणि त्याने तो उडवला. ज्या नटीचा प्रवेश होता ती बिचारी रडली. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा उठले, आता वेगळ्याच प्रवेशाला. शेवटी मीच त्यांच्या मागोमाग बाहेर गेले तर सगळे कॅन्टीनसमोर रांगेत उभे! त्या सभागृहाच्या कॅन्टीनमध्ये त्याच वेळी गरम वाळक्का बज्जी, म्हणजे कच्च्या केळ्याची भजी, कढईतून निघायची आणि त्याचा वास थेट प्रेक्षागृहात यायचा. प्रवेश परत घातला. कॅन्टीनवाल्याला भजी मध्यंतरात तळायची विनंती केली, ती त्याने साफ धुडकावली. आम्ही वर्षभर ही गोष्ट सांगून हसत होतो. लोक काहीतरी सांगतात आणि आपण भलतंच ऐकतो, एवढं त्यातून खरं तर शिकायला हवं होतं.

आता सेतुमामांकडे येते. सेतुमाधव राव हे तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. विमा कंपनीत कारकून होते, निवृत्त होऊन पश्चिम मांबलमला राहायचे. बायको गेलेली. मुलगी वसुधा शाळेत गणित शिकवते आणि त्यांच्याच घरी असते. नोकरी चालू असताना आणि नंतरही मामा नाटकात कामं करायचे, पण नेहमी छोटी. पोस्टमन, पुजारी, लग्नातला मामा. आमच्या मंडळीत त्यांच्याशी मराठी बोलणारी मी एकटी. त्यांची मराठी ऐकून मी पहिल्यांदा चाट पडले होते. वळण जुन्या कागदांतलं, सूर अस्सल तमिळ. मला ते 'अम्मा' म्हणायचे, इकडे लेकीबाळींना म्हणतात तसं. तालमीला आले की विचारायचे, "काय अम्मा, काफी झाली?" आणि माझी झालेली असली तरी स्वतःच्या फ्लास्कमधली अर्धी मला द्यायचे.

अरविंदने या नव्या नाटकात त्यांना पहिल्यांदा मोठी भूमिका दिली. म्हाताऱ्या बापाची. नाटक तमिळ होतं. मुलगी नोकरीसाठी कायमची कॅनडाला निघाली आहे आणि बापाला ते मनातून नको आहे, पण तो अडवत नाही, एवढीच गोष्ट. शेवटच्या प्रवेशात बाप झोपाळ्यावर बसलेला, उजव्या हातात कॉफीचा स्टीलचा पेला. मुलगी बॅग घेऊन उभी. तो एक लांबलचक भाषण करतो. तिचं लहानपण, तिच्या आईचं आजारपण, घराचा रंग, असं सगळं. आणि शेवटी म्हणतो, "सरी. पोयिट्टु वा." म्हणजे, बरं, जाऊन ये. मुलीचं काम मीनाक्षी नावाची नटी करत होती.

पहिला प्रिव्ह्यू. शेवटचा प्रवेश छान चालला होता. मामा भाषणाच्या मध्यावर आले आणि थांबले. वाक्याच्या अर्ध्यातच. मी विंगेतून पुढचा शब्द दिला, त्यांनी तो घेतला नाही. पुन्हा दिला. ते दाराकडे बघत होते. मग त्यांच्या बोटांतून पेला सुटला आणि खणखणत रंगमंचाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मीनाक्षी बॅग धरून जागच्या जागी थिजली होती. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी पडदा पाडायच्या बेतात होते, तेवढ्यात मामा मध्येच अर्धं भाषण गाळून जड आवाजात म्हणाले, "पोयिट्टु वा." मी काळोख करायला सांगितलं.

टाळ्या! माझ्या उभ्या आयुष्यात प्रिव्ह्यूला मी तशा टाळ्या ऐकल्या नव्हत्या. लोक उभे राहिले. अरविंद विंगेत धावत आला आणि त्याने माझे खांदे धरून मला हलवलं. "अक्का, बघितलंत? बघितलंत? भाषणाची गरजच नव्हती! हा माणूस इतकी वर्षं कुठे होता?"

मग खुर्च्या मांडल्या. एक बाई रडत म्हणाल्या, "माझे वडील असेच होते. बोलायचं असायचं आणि बोलता यायचं नाही." पुण्याहून आलेला एक आयटीतला मुलगा म्हणाला, "तो पेला पडला ना, अंगावर काटा आला." आणखी एकीने विचारलं, "बोटं एकेक करून सैल सोडता, ते कसं जमवता?" मामा कसंनुसं हसले. "वय," एवढंच म्हणाले. सगळे खळखळून हसले. एका सभेचे सचिव आले होते. त्यांनी तिथल्या तिथे जरीची शाल मागवून मामांच्या खांद्यावर घातली. इकडे मोठ्या माणसाचा मान करायची ती रीत आहे. मामांनी शाल डाव्या हाताने सावरली. ते मी बघितलं होतं, मला स्पष्ट आठवतं. मला त्यात काही वाटलं नाही.

यावर बाहेरचा माणूस नक्की विचारील, तुम्हाला एकालाही शंका कशी आली नाही? तोच तर आमच्या धंद्यातला घोळ आहे. प्रिव्ह्यूत चूक ही चूक धरत नाहीत. नट अडखळला, दार उघडलंच नाही, पंखा मध्येच बंद पडला आणि ते बघायला छान वाटलं, तर ते ठेवून द्यायचं. कितीतरी चांगल्या जागा अशाच सापडतात. म्हणून जे काही झालं ते 'ठेवायचं की काढायचं' एवढाच प्रश्न आम्ही विचारतो. ते का झालं, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी गिंडीला आले. खाली लेथ चालू होती, त्या आवाजात त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"अम्मा, काल शेवटी मी काय केलों?"

"काय केलंत म्हणजे? कमाल केलीत."

"ते सगळे सांगतात. मला दाखव. कसं केलों ते."

मला आश्चर्य वाटलं नाही. नट असं नेहमी म्हणतात. आतून आलं, मला आठवत नाही, अंगात आलं होतं. आणि आपण मनात म्हणतो, किती ती नम्रता. मी माझ्या फोनवर त्यांना त्या प्रवेशाचं चित्रण लावून दिलं. त्यांनी ते बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. फोन अगदी डोळ्यांजवळ धरला होता. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "सरी. शिकतों."

आणि ते शिकले! कुठे थांबायचं, हात कधी ढिला सोडायचा, कुठलं बोट आधी, ओठ कसे हलवायचे. खाली कारखान्यातला माणूस पेल्याच्या आवाजाला वैतागून वर बघायला आला, इतक्या वेळा त्यांनी तो पेला पाडला. घामाघूम व्हायचे, तरी पुन्हा करायचे. अरविंद त्यांना सांगायचा, "मामा, थोडं अजून कालच्यासारखं." हे आठवलं की आज मला कानांवर हात ठेवावेसे वाटतात. त्या माणसाला झटका आला होता आणि आम्ही त्याच्याकडून तो पाठ करून घेत होतो.

नाटक पक्कं झालं. अर्धं भाषण गेलं आणि त्याच्या जागी संहितेत मी 'पॉज' असं लिहिलं. पेला पडला की दिवे हळूहळू उतरवायचे, असंही ठरलं. नेहमीचे प्रयोग सुरू झाले आणि सेतुमामांच्या पॉजची गावभर चर्चा झाली. लोक त्यासाठीच यायला लागले. वसुधाही शुभारंभाला आली. तिला तोपर्यंत सगळ्यांनी सांगितलंच होतं की शेवटी तुझे अप्पा असं असं करतात. तिने ते अभिनय म्हणूनच बघितलं, कारण तो तेव्हा अभिनयच होता. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अप्पा घरी आरशासमोर हे करतात. मी ओरडते त्यांना." आम्ही दोघी हसलो.

आणि मग तो रविवारचा प्रयोग. मैलापूरचं सभागृह, भरगच्च. शेवटच्या प्रवेशात मामा ठरलेल्या जागेच्या जरा आधीच थांबले. एक वाक्य राहिलंच. माझ्या मनात काय आलं ते लिहिते: आज पॉज लवकर घेतला, नंतर सांगायला हवं. पेला पडला. लाइटवाल्याने ठरल्याप्रमाणे दिवे उतरवायला सुरुवात केली. सगळं जिथल्या तिथे. प्रेक्षकांना कळलं की हाच तो पॉज, आणि टाळ्या सुरू झाल्या. एकाने शिटी मारली. मामा झोपाळ्यावर बसून होते आणि टाळ्या वाढत होत्या. पुढचं वाक्य येईना. ते एका बाजूला कलायला लागले, तेव्हा मीनाक्षीने बॅग टाकली आणि विंगेकडे वळून जिवाच्या आकांताने हाक मारली, "अक्का!"

नाटकात अक्का नावाचं कुणी नाही. तरी टाळ्या थांबल्या नाहीत. लोकांना वाटलं, नवीन काहीतरी घातलंय. मी पडदा पाडला. मामांना आम्ही खाली आडवं केलं. तोंड वाकडं झालं होतं, डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते. पडद्यापलीकडे टाळ्या चालूच. मी तशीच काळ्या कपड्यांत पडद्याबाहेर गेले आणि ओरडले, "इथे कुणी डॉक्टर आहे का?" पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, चांगले वयस्क, शेजारच्याला म्हणाले, "सूपर!" आणि त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. एवढ्या वर्षांत मी हॉलचं छत गळताना बघितलंय, नायकाला खोकल्याची उबळ येऊन पळताना बघितलंय, पण त्या एका टाळीने मला जेवढं हादरवलं तेवढं कशानेच नाही. मी त्यांच्यावर खेकसले. मग कुठे सभागृहाला कळलं.

हॉस्पिटलमधला डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने विचारलं, "असं यापूर्वी कधी झालं होतं?"

अरविंदने आणि मी एकमेकांकडे बघितलं. त्या क्षणी, तिथे, दोघांनाही एकदमच कळलं. अरविंदने फोन काढून पहिल्या प्रिव्ह्यूचं चित्रण लावलं. डॉक्टरने ते शेवटपर्यंत बघितलं.

"हे कधीचं?"

"प्रिव्ह्यूचं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाटक पक्कं व्हायच्या आधीचा प्रयोग," अरविंद म्हणाला. "त्यात आम्ही लोकांची मतं घेतो."

"आणि मग काय मत पडलं लोकांचं?"

अरविंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरने मग मला समजावलं. मेंदूतली रक्ताची वाट थोडा वेळ बंद होते आणि आपोआप मोकळी होते. माणूस पुन्हा चांगला बोलायला लागतो. पण तो इशारा असतो, त्याच दिवशी यायला हवं असतं. "त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" त्याने विचारलं. त्या दिवशी आम्ही शाल घातली होती. ते मला सांगवेना.

फोनवर पुढचं चित्रण आपोआप सुरू झालं होतं. डॉक्टरने ते बघून घाईने विचारलं, "हा दुसरा झटका कधीचा?"

"तो झटका नाही, डॉक्टर. तो अभिनय आहे."

त्याने आमच्याकडे असं बघितलं की आता आम्हालाही भरती करून घेतो की काय.

वसुधा शाळेतली कुठलीशी रविवारची बैठक सोडून धावत आली होती. तिला सगळं सांगावंच लागलं. ती आरडाओरडा करील असं वाटलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "पहिल्या दिवशी मला का बोलावलं नाहीत? माझ्या आजोबांचं असंच झालं होतं, असंच पेला पडून. मी बघितल्याबरोबर ओळखलं असतं." घरच्यांना बोलवायचं नाही असा नियम आहे, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली. शेकडो लोकांना आम्ही मत विचारलं होतं आणि जिला खरं कळलं असतं, तिला आम्हीच दाराबाहेर ठेवलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सचिवांचा फोन आला. राव सरांची तब्येत कशी आहे, वगैरे विचारून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे प्रयोग आहे. दुसरा नट घेतलात तरी चालेल. फक्त तो पॉज असेल ना?" मी फोन ठेवून दिला. अरविंदने मात्र, त्याचं मला कौतुक आहे, उडवलेलं भाषण सगळंच्या सगळं परत घातलं. नव्या नटाने ते चांगलं म्हटलं. प्रयोगानंतर दोघे-तिघे येऊन कुरकुरले की ज्याच्यासाठी आलो होतो ते दाखवलंच नाही. त्यांना काय सांगायचं?

आता आमच्या प्रिव्ह्यूला घरचे आधी येतात, पुढच्या रांगेत. आणि काही वेगळं घडलं की लोकांसमोर खुर्च्या टाकायच्या आत मी त्या नटाला विंगेत बाजूला घेते आणि विचारते, हे तू केलंस की तुला झालं? एका तरुण नटाने माझी थट्टा केली, "अक्का, अभिनयात तेवढा फरक कुठे करता येतो?" त्याला मी असं काही झापलं की तो पुन्हा माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

मामा वाचले. उजवा हात फारसा वळत नाही आणि शब्द शोधावे लागतात, पण शोधले की सापडतात. बरेच दिवस मला त्यांच्यासमोर जायचा धीर होत नव्हता. शेवटी वसुधानेच बोलावलं. दारातच तिने मला थांबवलं. अप्पांनी तिला बऱ्याच दिवसांत तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं तिने मला एकत्र करून सांगितलं. त्या पहिल्या दिवशी त्यांना मध्येच काही कळेनासं झालं होतं. भानावर आले तेव्हा समोर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आयुष्यात पहिल्यांदा. त्या आपल्या नाहीत, हे त्यांना तिथेच कळलं होतं. सांगावं, तर टाळ्याही गेल्या असत्या आणि भूमिकाही. म्हणून त्यांनी ठरवलं की जे न करता मिळालं ते करून दाखवायचं. "मला सांगायला काय झालं होतं?" वसुधा म्हणाली. "मी काय त्यांना घरी डांबून ठेवणार होते?" मग स्वतःच म्हणाली, "ठेवलंच असतं."

मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला बघून चेहऱ्याची एक बाजू हसली. मी जवळ बसले. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. त्यांनी ते होऊच दिलं नाही. डावा हात वर करून मला थांबवलं आणि पुष्कळ वेळ शब्द जुळवून म्हणाले,

"अम्मा... कोणता... बरा? पहिला... का माझा?"

मला समजायला जरा वेळ लागला. एवढं सगळं होऊन गेल्यावर हा माणूस माझ्याकडे प्रयोगानंतरचं मत मागत होता.

"तुमचा," मी म्हटलं.

त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. मी त्यांचं मन राखते आहे, असं त्यांना वाटलं.

"मामा, मी प्रयोगानंतर कुणाला खोटं सांगते का? पहिल्या वेळी तुम्ही नुसते दाराकडे बघत होतात. तिथे मुलगी आहे की नाही, याचा तुम्हाला पत्ताच नव्हता. पुढे तुम्ही करायला लागलात तेव्हा मीनाक्षीकडे बघायचात. रोज. पेला पडेपर्यंत तिच्यावरून डोळा काढायचा नाहीत. म्हणून ती जाते आहे हे कळायचं. पहिला काहीच नव्हता, मामा. आम्हाला कळलं नाही. तुमचाच बरा."

त्यांचे दोन्ही डोळे भरून आले. वसुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती केव्हा आली ते मला कळलं नव्हतं. मामांनी हळूहळू तिच्याकडे मान वळवली आणि एकेक अक्षर जमवत विचारलं, "ऐकलीस?"